वेगळी राहणारी मुलगी स्वस्त पडते

गाडी घ्यायची ठरली ती अनुराधाच्या गुडघ्यासाठी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर आमच्या इमारतीत असं पसरलं की विजयकुमारला, म्हणजे मला, मिरवायची हौस आली. जपानमधल्या आमच्या ग्योतोकुमध्ये गाडीने मिरवायला वाव नाही. इथे स्टेशन पायाशी, भाजी सायकलच्या टोपलीत आणि इंडियन किराणा कोपऱ्यावर. गाडीवाल्याकडे लोक जरा सहानुभूतीनेच बघतात. घरात कोणीतरी आजारी असणार, असं धरून चालतात.

आमच्या घरात तसं होतंच. अनुराधा म्हणजे माझी बायको. सायकलवरून पडल्यापासून तिचा उजवा गुडघा रुसला होता. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर मंगळवारी आणि शुक्रवारी व्यायामासाठी तिला इचिकावाच्या एका क्लिनिकमध्ये जावं लागे. नकाशात पाहिलं तर ते क्लिनिक आमच्या उशाशी आहे. पण आमच्या भागातल्या सगळ्या रेल्वे पूर्व-पश्चिम धावतात आणि आम्हाला जायचं उत्तरेला. म्हणजे जिना उतरा, जिना चढा, गाडी बदला, पुन्हा जिना, मग बस. गुडघ्याच्या व्यायामाला पोचण्यासाठी आधी गुडघा बरा असावा लागे. टॅक्सीने जा, असं तुम्ही म्हणाल. गेलो होतो. मीटरकडे बघून अनुराधाला व्यायामाआधीच घाम फुटला.

मितालीने सुचवलं की आपण गाडी घेऊ आणि आईला मी नेईन. मिताली आमची मुलगी, वय वीस, त्सुदानुमाला कॉलेजात. तिच्या मंगळवारच्या आणि शुक्रवारच्या दुपारी मोकळ्या होत्या. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत यामागाताला ड्रायव्हिंगच्या निवासी शिबिरात राहून ती पहिल्या फटक्यात पास होऊन आली होती. लायसन्स माझ्याकडेही होतं. पुण्यात अर्धं आयुष्य गाडी चालवलेल्या माणसालाही इथे लायसन्स बदलून घ्यायला परीक्षा द्यावी लागते. ती मी कितव्या खेपेला पास झालो हे विचारू नये. एका खेपेला तर मी गाडी सुरू न करताच नापास झालो, कारण आत बसण्याआधी गाडीखाली वाकून पाहिलं नाही. पुण्यात कोणी गाडीखाली वाकून पाहिलं तर लोक विचारतात, काय सांडलं?

गाडी मिळाली. जुनी, छोटी, पिवळ्या नंबरप्लेटची आणि रंगाने मुगाच्या डाळीसारखी. ती ठेवायला जागा आहे हे आधी सिद्ध करावं लागलं. आपल्याकडे आधी गाडी येते आणि मग सोसायटीत भांडण. इथे भांडणाची सोयच ठेवलेली नाही. मग राहिला विमा. इथे एक सक्तीचा विमा असतो आणि एक ऐच्छिक. ऐच्छिकचा अर्थ असा की तो नसलेल्या माणसाला सगळे ओळख देतात, पण रस्ता ओलांडताना त्याच्यावर नजर ठेवतात. ज्या गॅरेजमधून गाडी घेतली त्यांनी आम्हाला होरिउची-सान नावाच्या विमा एजंट बाईंकडे सोपवलं.

होरिउची-सान पन्नाशीच्या होत्या. करडा सूट, आणि दवाखान्यात वाईट बातमी सांगणाऱ्यांचा असतो तसा मऊ आवाज. स्टेशनजवळच्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये आम्ही भेटलो. माझं जपानी ऑफिसपुरतं आहे. सर्व्हर बंद पडला तर मी जपानीतून माफी मागू शकतो, पण विम्याचं जपानी हे वेगळंच प्रकरण. म्हणून दुभाषी म्हणून मितालीला घेऊन गेलो. त्या दिवशीची माझी पहिली चूक तीच.

"त्या विचारताहेत, गाडी कोण कोण चालवणार," मिताली म्हणाली.

"सांग, तू आणि मी."

होरिउची-सानने मितालीचं वय विचारलं. उत्तर ऐकून त्यांची पेन्सिल थांबली. मग त्या बराच वेळ बोलल्या, आणि बोलताना त्यांची मान थोडी थोडी झुकत गेली. जपानमध्ये समोरच्याची मान झुकायला लागली की आपण खिसा सांभाळावा.

"त्या म्हणतात, मी चालवणार असेन तर हप्ता वाढेल."

"कितीने?"

मितालीने सांगितलं. मी मेलन सोडा पीत होतो. तो ज्या वाटेने जायचा त्या वाटेने गेला नाही.

"दुपटीहून जास्त? का पण?"

मितालीने विचारलं, ऐकून घेतलं आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता मराठीत आणलं. "त्या म्हणतात, माझ्या वयाची माणसं जास्त आपटतात."

आता कल्पना करा. वीस वर्षांची मुलगी, समोर वाफाळता चहा, आणि स्वतःवरचा आरोप ती स्वतःच बापाला समजावून सांगते आहे. त्या वेळी मला हे दिसलं नाही. मला फक्त हप्ता दिसत होता.

"त्यांना सांग, तू पहिल्या फटक्यात पास झालीस."

"बाबा, हे मी स्वतःबद्दल कसं सांगू?"

"मी सांगतोय. तू भाषांतर कर."

ती काहीतरी पुटपुटली. होरिउची-सान आवाज न करता टाळ्या वाजवून "सुगोइ", म्हणजे कमाल आहे, असं म्हणाल्या. हप्ता तिथेच राहिला. मग त्यांनी नीट समजावलं. कंपनी मितालीला ओळखत नाही. कंपनी ओळखते ते विसाव्या वर्षाला. या वयात हात नवे असतात, अंतराचा अंदाज कच्चा असतो, आणि गाडी येण्याच्या आधी आत्मविश्वास येतो. गाडीत मित्रमैत्रिणी असतात. आणि ही मुलं आपटतात तेव्हा थोडक्यात भागत नाही. सगळ्यांच्या अपघातांचा खर्च त्या वयाच्या सगळ्यांवर वाटला जातो. वय वाढेल तसा हप्ता उतरतो.

"म्हणजे दुसऱ्यांच्या पोरांनी आपटायचं आणि माझ्या मुलीने भरायचं. हे सांग त्यांना."

मिताली दोन शब्द बोलली. होरिउची-सान प्रसन्न हसल्या.

"काय सांगितलंस?"

"तुला कळलं, असं सांगितलं."

"आणि माझं काय? माझं इथलं लायसन्स तर तुझ्याहून नवं आहे."

हे तिने प्रामाणिकपणे विचारलं. उत्तर आलं, "त्या म्हणतात, तुझं वय आश्वासक आहे."

गेल्या कित्येक वर्षांत माझ्या वयाबद्दल कोणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. ऑफिसात तर माझं वय निघालं की मागोमाग नवीन सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण निघतं. मी तिथल्या तिथे तीस वर्षांवरच्यांसाठी असलेला स्वस्त विमा घेतला. त्याचा अर्थ घरातल्या मितालीने गाडी चालवली तर विमा लागू नाही.

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे," मी तिला परतताना म्हणालो. आमच्या घरात एखादी गोष्ट महाग वाटली की तिला तत्त्व म्हणतात.

"बेत्सुनि," मिताली म्हणाली. म्हणजे, तसं काही नाही. हा शब्द ती पाचवीत असल्यापासून वापरते आणि तो एकदाही खरा निघालेला नाही.

घरी अनुराधाने एवढंच विचारलं, "मग चालवणार कोण?"

"मी."

तिने स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं. परगावी पाठवायच्या मुलाकडे बघावं तसं.

मी मंगळवारी आणि शुक्रवारी अर्धी रजा घेऊ लागलो. कारण म्हणून गुडघ्याचा व्यायाम असं कळवलं होतं. कोणाचा गुडघा हे जपानी वाक्यात घालायचं राहून गेलं. या भाषेत कर्ता गाळायची पद्धत आहे आणि मी ती नेमकी त्या दिवशी अंगीकारली. आठवड्याभरात सगळं ऑफिस माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागलं. कोणीतरी टेबलावर गुडघ्याला लावायच्या गार पट्ट्या ठेवून गेलं. साहेबांनी मला लिफ्टजवळची जागा दिली. इतकं झाल्यावर खरं सांगणं उद्धटपणाचं दिसलं असतं. मी ऑफिसात किंचित लंगडायला लागलो, सभ्यता म्हणून.

अपघात झाला तो क्लिनिकच्या पार्किंगमध्ये. गाडी मागे घेत होतो.

"मागे मशीन आहे," अनुराधा म्हणाली. थंड-गरम पेयांचं मशीन, इथे प्रत्येक भिंतीला असतं तसं.

"दिसतंय."

ते खरंच दिसत होतं. आरशात स्वच्छ दिसत होतं, अगदी लागेपर्यंत. धक्का बसल्यावर मशीनची सगळी बटणं उजळली आणि आतून एक गोड बाई म्हणाली, "आरिगातो गोझाइमासु." धडक दिल्याबद्दल माझे आभार मानणारी ती पहिलीच.

इथे एवढ्याशा खरचटण्यालाही पोलीस बोलवावा लागतो, नाहीतर विमा मिळत नाही. सायकलवरून एक कोवळा पोलीस आला. मितालीपेक्षा फार तर दोनतीन वर्षांनी मोठा असेल. त्याने माझं वय विचारलं. मी एकोणपन्नास सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं. मशीनवाले काका आले. आम्ही एकमेकांना वाकून नमस्कार केला, मी क्लिनिकच्या बाईंना वाकलो, पोलिसाला वाकलो आणि त्याच ओघात मशीनलाही वाकलो. अनुराधा काठीवर रेलून हे सगळं बघत होती. तिच्या व्यायामाची वेळ निघून गेली होती, पण पाय खूप ताणला गेला, असं ती म्हणाली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर लावला. होरिउची-सानने आधी अनुराधाची चौकशी केली, मग माझी, मग मशीनची. त्यानंतर सांगितलं की भरपाई मिळेल, पण पुढच्या वर्षी हप्ता वाढेल आणि काही वर्षं अपघातवाला म्हणून माझी नोंद राहील.

"आता विचार त्यांना, की मिताली बरी की मी बरा."

"बाबा, नको."

"विचार."

तिने विचारलं.

"त्या म्हणतात, माझा एकही अपघात झालेला नाही हे खरं आहे. अजून."

"अजून असं म्हणाल्या?"

"मादा म्हणाल्या. म्हणजे अजून."

इथे आमच्या वरच्या मजल्यावरचे विश्वनाथराव येतात. ते येतात म्हणजे खरोखरच येतात; अपघाताची बातमी कळताच चपला न शोधता खाली आले. विश्वनाथराव या देशात तेव्हापासून आहेत जेव्हा इथे कोथिंबीर मिळत नसे. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं, आणि ज्या उत्तरांना प्रश्न मिळालेले नाहीत ती घेऊन ते जिन्यात उभे असतात.

"ऐका माझं. वहिनींना मी नेतो तुमच्या गाडीतून," ते म्हणाले. "विम्याची काळजी करू नका. वयाची अट घरातल्यांना असते. परक्याला नसते."

मला हे पटलं नाही. पुन्हा फोन, पुन्हा स्पीकर, पुन्हा मिताली. होरिउची-सान म्हणाल्या की शेजारी बरोबर सांगताहेत. मित्राने कधीमधी गाडी चालवली तर वयाची अट लागत नाही.

"म्हणजे विश्वनाथराव चालवू शकतात?"

"हो म्हणतात."

"त्यांचा कोणी वीस वर्षांचा भाचा असला तर?"

"लायसन्स असेल तर तोही."

"आणि तू नाही?"

"मी घरात राहते ना. घरातला माणूस रोज चालवेल, पाहुणा कधीतरी. असं आहे ते."

माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गाडीशी शेजारचं सगळं एदोगावा आणि सगळं इचिकावा रांग लावून उभं राहिलं, प्रत्येक जण वीस वर्षांचा, प्रत्येकाला परवानगी. फक्त माझी मुलगी फुटपाथवर. मी या विचारात असताना मितालीने होरिउची-सानना स्वतःहून काहीतरी विचारलं. उत्तर आलं.

"काय विचारलंस?"

"मी घरात राहत नसते तर, असं विचारलं."

"मग?"

"मग चाललं असतं. लग्न न झालेली मुलगी वेगळी राहत असेल तर तिला वयाची अट नाही. बेक्क्यो म्हणतात. वेगळं राहणं."

मी हसलो. मनापासून हसलो, त्या आठवड्यात पहिल्यांदा. "मग राहा की वेगळी. स्वस्त पडशील."

अनुराधा फरसबी चिरत होती, ती हसली नाही. मितालीही हसली नाही. तिने होरिउची-सानचे लांबलचक पद्धतीने आभार मानले आणि फोन ठेवला.

शुक्रवारी विश्वनाथरावांनी अनुराधाला नेलं आणि आणलं. गाडीला ओरखडा नव्हता. अनुराधा मात्र दारातल्या पायरीवर, जिथे आपण बूट काढतो, तिथेच बसून राहिली.

"काय झालं?"

"मागे वळून बोलतात. पूर्ण वळून." तिने पाणी मागितलं. "सिग्नलला थांबतात, नाही असं नाही. पण आधी वाक्य पूर्ण करतात."

मग तिने जाहीर केलं की यापुढे ती आम्हा दोघांपैकी कोणाच्याही गाडीत बसणार नाही. घरासमोर गाडी होती, तिचं भाडं भरून घेतलेलं पार्किंग होतं, विमा होता, मी अर्ध्या रजेवर होतो, आणि अनुराधा काठी टेकत बसच्या थांब्याकडे निघाली होती.

विश्वनाथरावांना यात कमीपणा वाटला नाही. ते दुसरं उत्तर घेऊन आले. "पोरीचा पत्ता माझ्या घरचा द्या. कागदावर वेगळी. झोपायला-जेवायला आहेच की खाली." मी मितालीला म्हणालो, होरिउची-सानना सहज विचारून बघ, समजा म्हणून. मितालीने मान हलवली.

"हे मी नाही विचारणार. हे खोटं आहे."

म्हणून मी माझ्याच जपानीत विचारलं. माझं जपानी होरिउची-सानना एरवी तीनदा ऐकावं लागे. हे मात्र त्यांना एका फटक्यात कळलं. त्या मऊ आवाजात म्हणाल्या की मुलगी खरोखर कुठे राहते ते महत्त्वाचं आहे. खोटं निघालं तर अपघाताच्या वेळी एक येनही मिळणार नाही. मी म्हणालो की एका मित्रासाठी विचारत होतो. त्या म्हणाल्या की त्यांना समजलं. फोनवरून कोणी वाकलं तर ते ऐकू येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतरच्या रविवारी जेवताना मितालीने ताटातली पोळी संपवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मी त्सुदानुमाला खोली बघितलीय."

"कोणासाठी?" मी विचारलं. असे प्रश्न मी विचारतो.

"माझ्यासाठी. पाच मुली मिळून एक घर आहे, एक खोली रिकामी झालीय. कॉम्बिनीतल्या बाइतोचे पैसे साठलेत माझे." कॉम्बिनी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, तिथे ती संध्याकाळी बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करायची. "आईला मंगळवारी आणि शुक्रवारी मी नेईन. गाडीने. विम्यासकट."

"अगं, मी गंमत करत होतो."

"मी नव्हते करत."

"त्सुदानुमा इथून अर्ध्या तासावर आहे. रोज जातेसच की. अर्ध्या तासासाठी कोणी घर सोडतं?"

तिने बोटाने ताटाची कड पुसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, मला दोन वर्षांपासून जायचं होतं. सांगायला कारण सापडत नव्हतं."

मी म्हणालो, जेवणाचं काय. ती म्हणाली, येतं मला. मी म्हणालो, भूकंप झाला तर. ती म्हणाली, तो इथेही होतो. मी शेवटी म्हणालो की तिथे कचरा वेगळा करण्याचे नियम कडक असतील. ती म्हणाली, "घरातला कचरा कोण वेगळा करतं, बाबा?" मीच करतो असं म्हणणार होतो. पण प्लास्टिकचा वार कोणता हे मला आठवेना.

अनुराधा मितालीवर रागावली नाही. तिने तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "किती वाचले रे हप्त्याचे?"

मी सांगितलं नाही. माहीत होतं, तरी सांगितलं नाही.

सामान न्यायला आमचीच गाडी वापरली. आणि त्यातही पेच निघाला. मी होरिउची-सानना फोन करून विचारलं की त्या दिवशी गाडी मितालीने चालवली तर चालेल का. त्या म्हणाल्या, तिथे राहायला लागल्यानंतर हो. त्याआधी ती घरातलीच. म्हणजे वेगळी व्हायला जातानाचा रस्ता मला चालवायचा होता. मागे गादी आणि पुस्तकं, आणि शेजारी मिताली, मांडीवर भाताचा कुकर. ती मला हळू आवाजात सांगत होती, बाबा डावीकडे सायकल आहे, बाबा तो थांबायचा बोर्ड आहे, बाबा श्वास घे. आम्ही एकही यंत्र न पाडता पोचलो. गादी अंथरली, कुकर फडताळावर ठेवला, खिडकीला पडदा लावला. पडदा लागला आणि त्या क्षणी माझी मुलगी विम्याच्या दृष्टीने सुरक्षित झाली. आता ती ही गाडी सगळ्या जपानभर चालवू शकत होती. पण तिला कुठे जायचं नव्हतं. मी एकटाच परत आलो, तेही चुकत, कारण डावीकडच्या सायकली आता सांगणारं कोणी नव्हतं.

मंगळवारी ती ट्रेनने आली, किल्ली घेतली आणि आईला घेऊन गेली. मी एकदा खास रजा काढून मागच्या सीटवर बसलो, कशी चालवते ते बघायला. वाईट वाटावं इतकी चांगली चालवते. रस्ता ओलांडणाऱ्या माणसासाठी आधीच वेग कमी करते आणि थांबल्यावर किंचित मान झुकवते. क्लिनिकच्या पार्किंगमध्ये तिने एका दमात गाडी मागे घेतली आणि मशीनपासून हातभर अंतरावर सरळ रेषेत उभी केली. पुढे दोघी बोलत होत्या, तिच्या घरातल्या कोणत्या मुलीला डाळ आवडली आणि कोणती केस बाथरूममध्ये सोडते याबद्दल. मी मागे पिशवी धरून होतो. मला कोणी काही विचारलं नाही. घरी सोडल्यावर अनुराधा म्हणाली, जेवून जा. मिताली म्हणाली, आज माझी स्वयंपाकाची पाळी आहे.

तिच्या हातचं चालवणं गुडघ्याला मानवलं. अनुराधाची काठी सुटली. मग व्यायाम आठवड्यातून एकदा झाला, मग महिन्यातून एकदा, आणि मग एके दिवशी डॉक्टरांनी तिचं अभिनंदन करून सांगितलं की आता यायची गरज नाही. अनुराधाने त्यांना विचारलं की अगदी नक्की का. डॉक्टर म्हणाले, अगदी नक्की. परतताना ती गाडीत बऱ्या झालेल्या गुडघ्यावरून हात फिरवत बसली. मिताली मात्र खूश होती. साहजिकच आहे, तिची आई बरी झाली होती.

त्यानंतर तिच्या परीक्षा आल्या, मग कॉम्बिनीत दुपारची पाळी. गाडी जागेवर उभी राहू लागली. काचेवर पानं पडायची, ती मी शनिवारी काढायचो. विश्वनाथरावांनी ती विकून टाकायचा सल्ला दिला, आणि कोणाला विकायची तेही सांगितलं.

वर्ष संपत आलं तेव्हा होरिउची-सानचा फोन आला, विम्याच्या नूतनीकरणाचा. आता भाषांतराला कोणी नव्हतं. त्या सावकाश बोलल्या, मी सावकाश ऐकलं. अपघातामुळे हप्ता वाढला होता, ते अपेक्षितच होतं. मग त्या म्हणाल्या, एक चांगली बातमी आहे. मिताली-सान आता एकवीस वर्षांच्या झाल्या. त्या घरी राहत असत्या तरी आता फारसा फरक पडला नसता. एकविसाव्या वर्षी हप्ता बराच उतरतो. तुम्हाला कळवावंसं वाटलं.

मी म्हणालो, उद्या सांगतो.

मितालीला फोन लावला. मागे कोणीतरी हसत होतं आणि कढईत काहीतरी तळलं जात होतं. मी तिला सगळं समजावलं, वयाचा टप्पा, नवा हप्ता, जुना हप्ता. या खेपेला मीच भाषांतर करत होतो, आणि चांगलं करत होतो.

"म्हणजे आता तू घरी राहिलीस तरी चालतं," मी म्हणालो.

तळण्याचा आवाज दूर गेला. ती खोलीत गेली असावी.

"बाबा, मला इथे बरं वाटतं रे."

"हो, ते आहेच. मी आपलं हप्त्याचं सांगितलं."

"आई कशी आहे?"

"चालते. जिनेसुद्धा चढते."

"मग बरं. कॉम्बिनीत पाळी नसली तर रविवारी येईन."

अनुराधा समोर बसली होती. मुलीच्या खोलीतली जुनी खुर्ची मोठ्या कचऱ्यात टाकायची होती; त्यासाठी इथे पैसे भरून तिकीट चिकटवावं लागतं, ते मी दुकानातून आणून ठेवलं होतं. ते अनुराधाने उचलून फ्रीजवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी होरिउची-सानचा फोन आला. मी म्हणालो, आहे तसंच राहू द्या. त्या म्हणाल्या, नियमाप्रमाणे सगळं वाचून दाखवावं लागेल, प्रत्येक वाक्याला आपण हो म्हणायचं. त्यांनी वाचलं, गाडी छोटी, रंग पिवळा. हाय, म्हणजे हो, मी म्हणालो. चालवणारे विजयकुमार-सान, वय पन्नास. हाय. गेल्या वर्षात एक अपघात. हाय. घरात राहणाऱ्या व्यक्ती, पत्नी. हाय. मुलगी एक, अविवाहित, वेगळी राहते.

होरिउची-सानना वाटलं, लाइन तुटली.

"मोशी मोशी," त्या म्हणाल्या. "विजयकुमार-सान?"

"हाय," मी म्हणालो.